ट्रॅक मेंटेनरची नोकरी स्वीकारावी का? इंदूरहून एक प्रश्न

रामबागकर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी इंदूरचा रहिवासी असून माझे वय २५ आहे. आयटीआय फिटर झाल्यावर पीथमपूरच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो आणि त्याच्या जोडीने रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीची, म्हणजे घराघरांत अजूनही जिला ‘ग्रुप डी’ म्हणतात तिची, तयारी करीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेत एकूण ३२,४३८ जागा होत्या आणि त्यांपैकी १३,१८७ जागा एकट्या ट्रॅक मेंटेनर ग्रेड-४, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराच्या, पदाच्या होत्या. पुढच्या भरतीतही हे प्रमाण फार वेगळे नसेल असे धरले, तर निवड झालीच तर ती रुळांवरच्या कामासाठी होण्याचीच शक्यता सर्वांत अधिक आहे. म्हणून परीक्षेच्या मागे लागण्यापूर्वीच या कामाविषयी नीट समजून घ्यावे असे मला वाटते.

घरात यावर एकमत नाही. माझे वडील कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि हक्काचे पैसे मिळण्यात त्यांचे अर्धे आयुष्य निघून गेले, त्यामुळे सरकारी नोकरी मिळत असेल तर कामाचे स्वरूप पाहू नये असे त्यांचे ठाम मत आहे. आईला मात्र शिकलेल्या मुलाने भर उन्हात गिट्टी उपसावी हे पटत नाही. मामांचे म्हणणे असे की एकदा आत शिरावे, दोन वर्षांत खात्यांतर्गत परीक्षा देऊन कार्यालयात बसावे. हे कितपत खरे आहे ते मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आहे. इंदूर–दाहोद नव्या मार्गाच्या कामावर रूळ टाकण्यासाठी माणसे हवी आहेत, आज ठेकेदाराकडे लागलास तर पुढे रेल्वेत कायम होशील, असे एका परिचिताने सांगितले आहे. धाकटी बहीणही यंदा माझ्याबरोबर अर्ज भरण्याच्या विचारात आहे. या कामाचा रोजचा दिवस कसा असतो, धोका कितपत असतो आणि आमच्यासारख्यांनी यात पडावे की नाही, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगितल्यास मोठी मदत होईल. मला चष्मा आहे आणि नंबर दोन्ही डोळ्यांना अडीच आहे, हेही येथेच नमूद करतो.

चाबीवाला

मी याच पदावर भरती झालो आणि सध्या की-मॅन म्हणून काम करतो. विभागाचे नाव लिहीत नाही, परंतु माझा पट्टा दुहेरी, विद्युतीकरण झालेल्या मुख्य मार्गावर आहे.

आपल्या आईंना वाटते त्याप्रमाणे दिवसभर गिट्टीच उपसावी लागते, अशी आजची परिस्थिती राहिलेली नाही. लांब पट्ट्यांवर गिट्टी ठोकून रूळ समपातळीत आणण्याचे काम टॅम्पिंग यंत्रे करतात आणि गिट्टी चाळून स्वच्छ करण्यासाठीही वेगळे यंत्र येते. मात्र यंत्र जाऊन काही महिने झाले की मधूनमधून रूळ खाली बसतो, फाटकापाशी आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी बसतो, सांधा बदलतो त्या जागी झीज होते, आणि हे सगळे गँगलाच, म्हणजे ट्रॅक मेंटेनरांच्या तुकडीलाच, हाताने करावे लागते. पहार, बीटर, फावडे, जॅक आणि घण ही रोजची हत्यारे आहेत. मुख्य मार्गावरचा रूळ मीटरमागे ६० किलोचा असतो आणि रुळाखालचा काँक्रीटचा एक आडवा स्लीपर सुमारे पावणेतीनशे किलो भरतो. स्लीपर बदलणे किंवा रुळाचा तुकडा सरकवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हेच. तेथे मेटच्या, म्हणजे गँगच्या प्रमुखाच्या, हाकेवर सगळ्यांनी एकदम जोर लावायचा असतो आणि ज्याचा जोर मागेपुढे होतो त्याच्या बोटांवर किंवा पायावर बेतते.

की-मॅनचे काम वेगळ्या प्रकारचे असते. ठरवून दिलेल्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात तो रोज दोन्ही रुळांवर नजर ठेवून चालत जातो. रूळ स्लीपरला आवळून धरणारी पेंड्रोल चाबी निसटली असेल तर ठोकून बसवायची, तिच्याखालचा सरकलेला लायनर जागेवर आणायचा, रबर पॅड बाहेर आले असेल तर नोंद करायची, वेल्डच्या जागी आडवी चीर तर नाही ना हे वाकून पाहायचे, अशी ही कामे आहेत. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. थंडीच्या पहाटे रूळ आकसून तुटतो आणि उन्हाळ्यात दुपारी तो वाकतो, म्हणून त्या दोन्ही ऋतूंतही गस्त लागते. उन्हाळ्याचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते एकदा समजले की या नोकरीतले निम्मे नियम आपोआप समजतात. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि त्याचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर तो सुमारे ४६ सेंटिमीटरने लांबेल. पण आजचे रूळ वेल्ड करून सलग जोडलेले असतात आणि स्लीपर व गिट्टी त्यांना लांबू देत नाहीत, त्यामुळे ती सगळी वाढ रुळाच्या आत दाब म्हणून साठून राहते. अशा वेळी एखाद्याने दुपारी दोन वाजता स्लीपरच्या टोकाची गिट्टी उकरली, तर त्या दाबाला बाहेर पडायला वाट मिळते आणि सरळ रूळ डोळ्यांदेखत सापासारखा वाकू शकतो. म्हणून मेटने “आता खोदू नका” असे सांगितले, तर काम राहिले तरी चालेल पण हात थांबलाच पाहिजे.

आता धोक्याविषयी लिहितो, आणि माझ्या मते आपला निर्णय यावरच ठरावा. लोक वजनाला आणि उन्हाला घाबरतात, परंतु या दोन्हींची शरीराला काही महिन्यांत सवय होते. माणसे मरतात ती गाडीखाली, आणि अनेकदा मरतात ती दुसऱ्या रुळावरच्या गाडीखाली. ताशी १३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर अंतर कापते, म्हणजे किलोमीटरभर दूर दिसलेली गाडी अर्ध्या मिनिटाच्या आत अंगावर असते. विजेवरच्या इंजिनाचा आवाज पूर्वीच्या डिझेल इंजिनासारखा लांबून येत नाही, आणि वारा उलटा असेल तर तो जवळ येईपर्यंत ऐकूच येत नाही. एका रुळावरून मालगाडी खडखडत जात असताना माणूस तिच्यापासून दूर होण्यासाठी शेजारच्या रुळावर जाऊन उभा राहतो, मालगाडीच्या आवाजात मागून येणारी एक्स्प्रेस त्याला कळत नाही, आणि सगळे तेथेच संपते. नियम साधा आहे. गाडीवर नजर ठेवणाऱ्या लुकआउटवाल्याची शिट्टी ऐकू आली की हातातले हत्यार रुळापासून दूर करून सर्वांनी बाहेरच्या बाजूला, सेसवर, म्हणजे मार्गाच्या कडेच्या पट्टीवर, जायचे. दोन मार्गांच्या मधल्या जागेत थांबायचे नाही आणि दुसऱ्या मार्गाच्या रुळांवर तर मुळीच जायचे नाही. हा नियम नव्या माणसाकडून क्वचितच मोडला जातो, कारण तो घाबरलेला असतो. तो मोडतात आठ-दहा वर्षे काम केलेली माणसे, कारण त्यांना गाड्यांच्या वेळा पाठ झालेल्या असतात, आणि त्या वेळांवर विसंबण्याची सवयच शेवटी घात करते. मालगाडीला वेळ नसते आणि उशिरा धावणाऱ्या गाडीलाही नसते.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की “शारीरिक परीक्षेतले ३५ किलो मी उचलू शकतो का” यापेक्षा “पुढची अनेक वर्षे, रोज, कंटाळा आला असताना आणि घरची चिंता डोक्यात असताना, शिट्टी वाजताच मी हातातले काम टाकून बाजूला होईन का” हा प्रश्न स्वतःला विचारावा. ज्यांना मोबाइल खिशात ठेवून राहवत नाही त्यांनी या कामाला येऊ नये, असे मी माझ्या सख्ख्या भाच्यालाही सांगितले आहे.

पूल आणि बोगदे

मी नव्या मार्गांच्या बांधकामावर पर्यवेक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे केवळ ठेकेदाराच्या मुद्द्यापुरते लिहितो.

ठेकेदाराकडे रूळ टाकण्याचे काम करणारा मजूर हा ठेकेदाराचा कामगार असतो. त्या कामातून रेल्वेत कायम होण्याचा कोणताही मार्ग नाही. लेव्हल-१ ची खुली भरती रेल्वे भरती मंडळाच्या जाहीर परीक्षेतूनच होते. “आज लाग, पुढे कायम होशील” हे वाक्य माळव्यातल्या अनेक मुलांनी ऐकले आहे, आणि काहींनी त्यापायी पैसेही दिले आहेत. आपण ते देऊ नयेत. इंदूर–दाहोद मार्गाचे काम चालू आहे, महू–खंडवा मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर चालू आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ३०९ किलोमीटरच्या इंदूर–मनमाड नव्या मार्गालाही मंजुरी दिली, त्यामुळे आपल्या भागात अशी कामे पुढची काही वर्षे पुष्कळ निघतील. अनुभवासाठी किंवा मधल्या काळात हाताला काम म्हणून जायचे असेल तर अवश्य जावे, पण भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, वेतनाची पावती आणि अपघात विमा या तीन गोष्टी पहिल्या महिन्यातच मागाव्यात. त्या देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडे काम करू नये.

एक फरक मात्र त्या कामाच्या बाजूने सांगितला पाहिजे. नव्या मार्गावर प्रवासी गाड्या धावत नसल्याने वर चाबीवाल्यांनी सांगितलेला धोका तेथे बराच कमी असतो. मात्र गिट्टी व रूळ घेऊन येणाऱ्या गाड्या, क्रेन आणि मागे येणारे डंपर यांचा धोका असतोच.

नर्मदातीर

मी ट्रॅक मेंटेनर आहे आणि गुजरातेत काम करते. माझे माहेर इंदूरचे असल्यामुळे हा प्रश्न वाचून उत्तर देण्याची इच्छा झाली. दादा, आपल्या बहिणीसाठी लिहीत आहे.

लेखी परीक्षा सर्वांना सारखीच असते. ९० मिनिटांत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा, आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. शारीरिक परीक्षेत महिलांना २० किलो वजन न टेकवता १०० मीटर अंतर दोन मिनिटांत न्यावे लागते आणि १,००० मीटर अंतर ५ मिनिटे ४० सेकंदांत धावावे लागते. पुरुषांना हेच वजन ३५ किलो असते आणि धावण्यासाठी ४ मिनिटे १५ सेकंद मिळतात. दोन्हींना एकच संधी असते. माझ्या ओळखीच्या बहुतेक मुली वजनात उत्तीर्ण झाल्या आणि धावण्यात मागे पडल्या, कारण घरात पिशवी उचलण्याचा सराव करता येतो पण पहाटे मैदानावर एकटीने धावण्याची सवय कुणी लावून देत नाही. तिला आजपासूनच धावायला न्या, नेहरू स्टेडियमवर न्या किंवा घराजवळच्या मैदानावर न्या, पण न्या.

नोकरीत काय होते तेही सांगते. गँगमध्ये पहिल्या काही महिन्यांत मला हलकी कामे दिली जात होती, झेंडी धरणे, हत्यारे मोजणे वगैरे, आणि त्यात सहकाऱ्यांची सहानुभूतीच होती, पण काम शिकायला मिळत नव्हते. मी मेटना तसे स्पष्ट सांगितले आणि त्यांनी शिकवलेही. खरी अडचण स्वच्छतागृहाची आहे. दोन स्थानकांच्या मधल्या किलोमीटरवर काम चालू असते, जवळचे फाटक दोन-तीन किलोमीटरवर असते, आणि त्यामुळे अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात रुळांवर पाणी न पिता काम करणे म्हणजे आजाराला बोलावणे आहे. मला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आपली बहीण या नोकरीत आली तर तिने पहिल्याच आठवड्यात हा विषय मेट आणि पर्यवेक्षकांपुढे न लाजता मांडावा आणि त्यासाठी जायला लागणारा वेळ मागून घ्यावा. तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

एवढे असूनही मी ही नोकरी सोडणार नाही. माझा पगार माझ्या खात्यात येतो, मुलाचे शिक्षण त्यावर चालते, आणि मी तपासलेल्या रुळांवरून रोज हजारो माणसे सुखरूप जातात याचा मला अभिमान आहे.

रामबागकर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. ठेकेदाराचा विषय मी आजच संपवला आहे. ताईंचे उत्तर बहिणीला वाचून दाखवले आणि ती उद्यापासून धावायला येणार आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. मामा म्हणतात त्याप्रमाणे दोन वर्षांत कार्यालयात जाता येते का, आणि नेमणूक इंदूरजवळ मिळण्याची शक्यता किती असते? आई-वडील दोघेही साठीच्या पुढे आहेत, म्हणून विचारतो.

निवृत्त पी-वे

मी रेल्वेच्या अभियांत्रिकी विभागात रुळांच्या देखभालीचा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता इंदुरातच असतो. नव्याने भरती झालेली अनेक मुले माझ्या हाताखाली आली. त्यांतली जी मुले दोन वर्षांत कार्यालयात जाण्याच्या तयारीने आली होती, तीच सर्वांत अधिक दुःखी झालेली मी पाहिली.

ग्रेड-४ मधून ३, २ आणि १ अशी बढतीची वाट आहे. वेतनश्रेणीच्या भाषेत लेव्हल १, २, ४ आणि ५. या वाटेतच माणूस की-मॅन होतो, पुढे मेट होतो. याशिवाय खात्यांतर्गत स्पर्धा परीक्षा असतात, त्यांतून इतर विभागांत जाता येते, आणि काही जण कनिष्ठ अभियंता, पी-वे (म्हणजे रूळमार्ग), या पदापर्यंतही पोहोचतात. परंतु या परीक्षांच्या जागा मर्यादित असतात, त्या ठरलेल्या वर्षी निघतीलच असे नाही, आणि दिवसभर रुळांवर काम करून रात्री अभ्यास करावा लागतो. ज्यांना ते साधले त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. मात्र आपण निर्णय घेताना ही शक्यता हिशेबात धरू नये. हेच काम निदान पाच वर्षे करायचे आहे असे समजून मन तयार होत असेल, तरच यावे.

नेमणुकीविषयी सांगायचे तर पश्चिम रेल्वेत सहा विभाग आहेत: मुंबई, वडोदरा, अहमदाबाद, राजकोट, भावनगर आणि रतलाम. इंदूर रतलाम विभागात येते. पश्चिम रेल्वेतून निवड झाली म्हणून रतलाम विभाग मिळेलच असे नाही, आणि रतलाम मिळाला तरी तो इकडे दाहोदपासून तिकडे चित्तोडगडपर्यंत पसरलेला आहे. स्वतःच्या विनंतीवरून बदली मागता येते, परंतु नव्या ठिकाणी ज्येष्ठता तळाशी जाते. परस्पर बदलीसाठी जोडीदार मिळाला तर ते अधिक बरे पडते. आई-वडिलांची जबाबदारी असल्यामुळे पहिली काही वर्षे घरापासून दूर राहण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. निवड झाल्यावर ऐन वेळी ती जमत नाही, आणि मग मुले रजा वाढवत राहतात.

वेतनाविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मूळ वेतन १८,००० रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता, नेमणुकीच्या गावाप्रमाणे घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता मिळतो. ट्रॅक मेंटेनरला जोखीम भत्ता वेगळा असतो. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून तो दरमहा २,७०० रुपये झाला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर त्यात २५ टक्के वाढ होते. एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय आला आहे. त्यात २५ वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. आपल्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर जे सोसले ते पाहता त्यांच्या आग्रहामागे काय आहे हे मी समजू शकतो, आणि त्या बाजूने ही नोकरी खरोखरच भक्कम आहे.

आता आपल्या चष्म्याकडे वळतो. ट्रॅक मेंटेनरसाठी वैद्यकीय दर्जा बी-१ लागतो. त्यात चष्म्यासह एका डोळ्याची ६/९ आणि दुसऱ्याची ६/१२ दृष्टी चालते, मात्र भिंगाची शक्ती चारपेक्षा अधिक नसावी, त्यामुळे आपल्याला नंबराची अडचण नाही. सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला ए-२ दर्जा लागतो आणि त्यात चष्मा चालत नाही. आयटीआय फिटर असल्याने आपण टेक्निशियन ग्रेड-३ साठीही पात्र ठरता, तो अर्जही सोडू नये, कारण आपले हात ज्या कामाला तयार झाले आहेत ते तेथे अधिक उपयोगी पडेल. नंबर घालवण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार कुणी सुचवला तर सध्या तो बाजूला ठेवावा, कारण अशा शस्त्रक्रियेमुळे रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत अडचण येते. बी-१ मध्ये रंगदृष्टीची तपासणी मात्र कडक असते, आणि लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारी अनेक मुले लेखी आणि शारीरिक दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथे बाद होतात. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला हा दोष आहे हे त्या दिवसापर्यंत माहीतच नसते. इंदुरातल्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे इशिहाराच्या ठिपक्यांच्या चित्रांनी ही तपासणी थोड्या वेळात होते. आपण आणि बहीण दोघांनीही शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी, शक्यतो याच आठवड्यात, ती करून घ्यावी.